'तेनेर'ची वाक्ये नवशिक्यांना कोणत्या क्रमाने शिकवावीत?

सायंवर्ग, जळगाव

नमस्कार. मी जळगावात संध्याकाळी स्पॅनिशचा प्राथमिक वर्ग घेते. वर्गात वाणिज्य शाखेच्या मुली आहेत, अभियांत्रिकीचे काही विद्यार्थी आहेत आणि भाषेच्या जोरावर पुण्याकडे बरी नोकरी मिळावी असे वाटणारे काही नोकरदारही आहेत. काहींना पुढे देले या स्पॅनिश प्रावीण्य परीक्षेची ए१ म्हणजे प्राथमिक पातळी द्यायची आहे. बहुतेकांचे शिक्षण मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमातून झाले असून अनेकांच्या घरी अहिराणी किंवा लेवा बोली बोलली जाते. सर्वांना वाचता यावे म्हणून येथे स्पॅनिश शब्द देवनागरीतच लिहीत आहे.

आमचे पाठ्यपुस्तक इंग्रजीतून स्पॅनिश शिकवणारे आहे. त्यात एका धड्याच्या शेवटी चौकटीत 'तेनेर' (जवळ असणे) या क्रियापदाचे ठरलेले प्रयोग एकाखाली एक दिले आहेत: 'तेनेर आंब्रे' म्हणजे भूक लागणे, 'तेनेर सेद' म्हणजे तहान लागणे, आणि त्याच धर्तीवर थंडी, उकाडा, झोप, भीती, घाई, नशीब, वय, बरोबर असणे वगैरे. विद्यार्थी ही यादी पाठ करतात आणि विचारली की न अडखळता म्हणूनही दाखवतात. परंतु स्वतःचे वाक्य करण्याची वेळ आली की यादी बाजूला राहते. इंग्रजीच्या वळणाने, 'तेनेर'ऐवजी नुसत्या 'असणे' या अर्थाचे क्रियापद घेऊन, 'सोय आंब्रे' किंवा 'एस्तोय आंब्रे' असे म्हणणारे विद्यार्थी पुस्तकाला अपेक्षित आहेत आणि त्यासाठी पुस्तकात सूचनाही आहे. माझ्या वर्गात मात्र पुस्तकाला ठाऊक नसलेली चूक अधिक दिसते. विद्यार्थी 'तेंगो फ्रीओ' (मला थंडी वाजते) याऐवजी 'मे तेंगो फ्रीओ' असे लिहितात, काही जण तर क्रियापद गाळून नुसते 'मे आंब्रे' म्हणतात.

गंमत अशी की 'मे गुस्ता' (मला आवडते) हा प्रयोग याच विद्यार्थ्यांना फारसा जड जात नाही, आणि पुस्तक मात्र त्याच प्रयोगावर दोन पाने खर्च करून तो किती विचित्र आहे हे समजावत बसते.

माझे प्रश्न असे. ही वाक्ये शिकवताना मराठीचा आधार घ्यावा की वर्गात शक्य तेवढी स्पॅनिशच ठेवावी? 'तेनेर'चे सर्व प्रयोग एकत्र द्यावेत की विखरून? आणि 'गुस्तार' (आवडणे) 'तेनेर'च्या आधी घ्यावे की नंतर? ज्यांनी आपल्या भागातील विद्यार्थ्यांना शिकवले आहे त्यांचे मत मला विशेष हवे आहे.

भुसावळकर

ताई, आपल्या प्रश्नातच अर्धे उत्तर आले आहे. पुस्तकाला ठाऊक नसलेली चूक ही मराठीतून आलेली चूक आहे, त्यामुळे तिच्यावरचा उपाय इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकात सापडणार नाही.

मराठीत 'जवळ असणे' या अर्थाचे, इंग्रजी किंवा स्पॅनिशमध्ये असते तसे, स्वतंत्र सकर्मक क्रियापद नाही. आपण 'माझ्याकडे पुस्तक आहे', 'मला दोन भाऊ आहेत', 'त्याला जमीन आहे' असे म्हणतो आणि प्रत्येक वेळी क्रियापद त्या वस्तूच्या किंवा माणसाच्या मागे जाते, मालकाच्या मागे जात नाही. म्हणून 'तेंगो दोस एर्मानोस' (मला दोन भाऊ आहेत) हे साधे वाक्यसुद्धा मराठी विद्यार्थ्याला घरचे वाटत नाही, कारण तेथे भावांच्या जागी 'मी' कर्ता होऊन बसतो. भूक, तहान, थंडी यांची गोष्ट तर त्याहून पुढची आहे. 'मला भूक लागली' या वाक्यात भूक कर्ता आहे आणि 'लागली' तिच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. हाच साचा डोक्यात ठेवून विद्यार्थी 'मला' म्हणजे 'मे' असे लिहितो आणि पुढे पाठ केलेले 'तेंगो' जोडतो. त्याचे 'मे तेंगो फ्रीओ' हे इंग्रजी जाणणाऱ्याला विनोदी वाटेल, पण त्यामागे सरळ तर्क आहे.

आता याच तर्काने 'मे गुस्ता' का सोपे जाते तेही उघड होते. 'मला आंबा आवडतो', 'मला आंबे आवडतात' या वाक्यांत क्रियापद आंब्याच्या मागे चालते, आणि 'मे गुस्ता एल मांगो', 'मे गुस्तान लोस मांगोस' येथेही तेच घडते. इंग्रजीत आवडणाऱ्या माणसाला कर्ता केले जाते, म्हणून इंग्रजी पुस्तकाला येथे दोन पाने लागतात. आपल्या विद्यार्थ्यांसाठी ती दोन पाने निरुपयोगीच नव्हेत, तर अपायकारक आहेत, कारण जे त्यांना उपजत येते ते कठीण आहे असा समज त्यांच्या मनात रुजतो. माझ्या मते ती पाने सरळ वगळावीत.

म्हणून माझा सल्ला असा की यादी अर्थाप्रमाणे न लावता कर्त्याप्रमाणे लावावी. मराठीत 'मला'ने सुरू होणाऱ्या वाक्यांचे स्पॅनिशमध्ये दोन गट पडतात. एका गटात 'मला'चा 'मे'च राहतो: 'मे गुस्ता', 'मे एन्कान्ता' (मला फार आवडते), 'मे दुएले ला काबेसा' (माझे डोके दुखते), 'मे पारेसे' (मला वाटते), 'मे फाल्ता' (मला कमी पडते), 'मे आसे फाल्ता' (मला गरज आहे). दुसऱ्या गटात 'मला' जाऊन 'मी' येतो आणि तो क्रियापदाच्या अंगात लपतो: 'तेंगो आंब्रे', 'तेंगो फ्रीओ', 'तेंगो के इर' (मला जायला हवे). पहिला गट आधी शिकवावा, कारण त्याने आत्मविश्वास येतो. त्यानंतर 'तेनेर' घेताना 'येथे मला नाही, मी' एवढे एकच वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे. पुढे 'मे तेंगो के इर' असे वाक्य त्यांच्या वाचनात येईल तेव्हा कोणी तरी बोट दाखवीलच. तेथील 'मे' हा 'इर्से' म्हणजे निघून जाणे या क्रियापदाचा आहे, 'तेनेर'चा नाही, हे तेव्हाच सांगावे, आधी सांगू नये.

दुसरी अडचण 'खूप' या शब्दाची आहे आणि तिच्याकडे पुस्तके पुरेसे लक्ष देत नाहीत. मराठीत 'खूप भूक' आणि 'खूप थंड' या दोन्ही ठिकाणी 'खूप' चालतो. स्पॅनिशमध्ये नामाआधी 'मूचो' किंवा 'मूचा' येतो आणि विशेषणाआधी 'मुय' येतो. 'तेनेर'च्या पुढे येते ते नाम असते, म्हणून 'तेंगो मूचा आंब्रे', 'तेंगो मूचो स्वेन्यो'. 'मुय आंब्रे' कधीही होत नाही.

त्यातही लिंगाचा घोळ होतो तो पाहण्यासारखा आहे. मराठीत भूक, तहान, झोप, थंडी, भीती, घाई, लाज हे सगळे शब्द स्त्रीलिंगी आहेत. स्पॅनिशमध्ये 'आंब्रे', 'सेद', 'प्रीसा' (घाई), 'बेरग्वेन्सा' (लाज) स्त्रीलिंगी, पण 'स्वेन्यो' (झोप), 'फ्रीओ' (थंडी), 'म्येदो' (भीती), 'कालोर' (उकाडा) पुल्लिंगी. विद्यार्थ्याच्या कानाला 'मूचा म्येदो' बरोबर वाटते कारण त्याची भीती आयुष्यभर स्त्रीलिंगी राहिलेली असते. 'आंब्रे'च्या बाबतीत आणखी एक खाच आहे: शब्द स्त्रीलिंगी असूनही त्याचे उपपद 'एल' असते, कारण तो आघातयुक्त 'आ'ने सुरू होतो. नवशिक्यांना हे कारण सांगण्याची गरज नाही. त्यांना 'मूचा आंब्रे' ही जोडी तशीच तोंडात बसवू द्यावी.

मी फळ्यावर एक छोटा सराव घेतो. डाव्या बाजूला मराठी वाक्ये लिहितो: मला झोप आली आहे, मला केळी आवडतात, मला भीती वाटते, माझे पाय दुखतात, मला चहा प्यावासा वाटतो, तुझे बरोबर आहे. विद्यार्थ्यांनी स्पॅनिश वाक्य लगेच सांगायचे नाही. आधी प्रत्येक वाक्यासमोर फक्त एवढेच लिहायचे की स्पॅनिशमध्ये कर्ता कोण होईल. 'मला झोप आली आहे' यासमोर 'मी' आले पाहिजे, 'मला केळी आवडतात' यासमोर 'केळी', आणि 'तुझे बरोबर आहे' यासमोर 'तू', कारण स्पॅनिश वाक्य 'त्येनेस रासोन' असे आहे. 'मला चहा प्यावासा वाटतो' याचे 'तेंगो गानास दे तोमार ते' होते, तेथेही 'मी'. कर्ता ठरला की उरलेले वाक्य आपोआप जुळते असा माझा अनुभव आहे, आणि चूक झाली तर ती नेमकी कोठे झाली हेही विद्यार्थ्याला स्वतःला दिसते.

पांझराकाठ, धुळे

भुसावळकर सरांचे विवेचन पटते, परंतु माझा भर थोडा वेगळा आहे. कर्ता ओळखण्याचा सराव हा शिक्षकासाठी उत्तम आहे आणि ज्यांना व्याकरणाची गोडी आहे अशा दोन-चार विद्यार्थ्यांसाठीही उत्तम आहे. उरलेल्या वर्गाला 'कर्ता', 'कर्म', 'प्रयोग' हे शब्द ऐकले की दहावीचा मराठीचा पेपर आठवतो आणि चेहरे उतरतात. त्यांच्यासाठी ही वाक्ये अखंड तुकडे म्हणून शिकवणे अधिक फलदायी ठरते.

आपण स्वतः मराठी कशी शिकलो याचा विचार करावा. 'थंडी वाजते' यातील वाजण्याचा आवाज कोणालाही ऐकू येत नाही, 'गप्पा मारल्या' यात कोणी कोणाला मारत नाही, 'मार खाल्ला' यात काही खाल्ले जात नाही. लहान मुलाला हे कोणी समजावून सांगत नाही आणि त्यालाही ते विचारावेसे वाटत नाही. तुकडा जसा मिळाला तसा तो वापरतो. स्पॅनिशमध्येही 'दार उन पासेओ' म्हणजे फेरफटका मारणे, 'आसेर उना प्रेगुन्ता' म्हणजे प्रश्न विचारणे, 'प्रेस्तार आतेन्स्योन' म्हणजे लक्ष देणे. येथे 'दार', 'आसेर', 'प्रेस्तार' यांचा मूळ अर्थ देणे, करणे, उसने देणे असा आहे हे सांगितले तरी चालेल, न सांगितले तरी चालेल. मराठी विद्यार्थ्याला क्रियापदाचा मूळ अर्थ विरघळून जाण्याची सवय आहे, आणि तिचा फायदा घ्यावा.

म्हणून मी सगळे प्रयोग एकदम देत नाही. एका तासाला दोन किंवा फार तर तीन, आणि तेही प्रश्नोत्तरात. तास सुरू झाला की प्रत्येकाला 'त्येनेस आंब्रे?' असा प्रश्न आणि 'सी, तेंगो मूचा आंब्रे' किंवा 'नो, आकाबो दे कोमेर' (नाही, आत्ताच जेवण झाले) असे उत्तर. संध्याकाळच्या वर्गात हा प्रश्न खोटा वाटत नाही, कारण निम्मे विद्यार्थी महाविद्यालयातून थेट आलेले असतात आणि खरोखरच भुकेले असतात.

अहिराणीचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगते. आमच्याकडे 'माले आवडस', 'तुले आवडस', 'त्याले आवडस' असे म्हणतात, आणि स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता', 'ते गुस्ता', 'ले गुस्ता'. 'त्याले' आणि 'ले' यांचे साम्य हा निव्वळ योगायोग आहे, दोन्ही भाषांच्या इतिहासाशी त्याचा काही संबंध नाही. तरीही अहिराणी घरातल्या मुलांना 'ले' एकदा असा ऐकवला की तो ते विसरत नाहीत. शहरात आल्यावर ज्या बोलीचा काही मुलांना संकोच वाटू लागतो, ती वर्गात उपयोगी पडताना पाहून त्यांना बरे वाटते हेही मी पाहिले आहे. मात्र येथे एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते. 'माझ्या आईला आवडते' याचे स्पॅनिश 'आ मी माद्रे ले गुस्ता' असे होते, म्हणजे 'आईला' आल्यावरही 'ले' ठेवावाच लागतो. आपण 'आईला तिला आवडते' असे म्हणत नाही, त्यामुळे विद्यार्थी हा 'ले' हमखास गाळतात.

केळीबाग, रावेर

मी शिक्षक नाही. कामानिमित्त लॅटिन अमेरिकेतील लोकांशी पत्रव्यवहार करावा लागत असल्याने स्पॅनिश शिकलो, त्यामुळे माझे मत वापरणाऱ्याच्या बाजूचे समजावे.

पुस्तकांतील यादीत सर्व प्रयोगांना सारखेच वजन दिलेले असते, परंतु व्यवहारात काही प्रयोग रोज भेटतात आणि काही क्वचितच. नोकरीसाठी शिकणाऱ्यांना 'तेनेर के' म्हणजे एखादी गोष्ट करावी लागणे, 'तेनेर एन क्वेन्ता' म्हणजे लक्षात घेणे, 'तेनेर प्रीसा' म्हणजे घाईत असणे आणि 'आसेर फाल्ता' म्हणजे गरज असणे हे लवकर द्यावेत. 'आइ के' हाही द्यावा. मराठीत 'मला जायला हवे' आणि नुसते 'जायला हवे' यांत जो फरक आहे, तोच 'तेंगो के इर' आणि 'आइ के इर' यांत आहे, त्यामुळे तो आपल्याला चटकन कळतो. 'दार्से क्वेन्ता दे' म्हणजे लक्षात येणे, हा पहिल्या महिन्यांत शक्य नसला तरी दुसऱ्या टप्प्यात अवश्य घ्यावा, कारण आपली चूक किंवा समोरच्याची चूक सौम्यपणे सांगताना तो फार कामाला येतो.

देशागणिक होणारे फरकही थोडे सांगून ठेवावेत. एखाद्याची आठवण येणे याला स्पेनमध्ये 'एचार दे मेनोस' म्हणतात, तर लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी 'एक्स्त्रान्यार' म्हणतात. बस पकडणे यासाठी स्पेनमध्ये 'कोहेर' हे क्रियापद सर्रास वापरतात, परंतु मेक्सिको, अर्जेंटिना अशा देशांत त्याला अश्लील अर्थ आहे, म्हणून 'तोमार एल आउतोबुस' शिकवावे, ते सर्वत्र चालते. 'मे दा पेना' याचा अर्थ स्पेनमध्ये वाईट वाटते असा होतो, तर मेक्सिको आणि कोलंबियात लाज वाटते किंवा संकोच वाटतो असा होतो. लाजेवरून आठवले, इंग्रजीच्या आधाराने 'एस्तोय एम्बारासादा' म्हणणाऱ्या मुलीने आपण गरोदर असल्याचे जाहीर केलेले असते. 'तेंगो बेरग्वेन्सा' किंवा 'मे दा बेरग्वेन्सा' हे बिनधोक आहे.

आमच्या भागातल्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक सूचना. वाक्ये घेताना केळीचे उदाहरण घ्यायचे असेल तर आधी देश ठरवा. स्पेनमध्ये 'प्लातानो', कोलंबियात 'बानानो', इक्वेडोरमध्ये 'गिनेओ', व्हेनेझुएलात 'कांबुर' असे शब्द चालतात. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ते सांगताना कोणता शब्द वापरायचा यावर एकदा आमच्याकडे बराच खल झाला होता. हे जरा विषयांतर झाले, क्षमस्व.

सायंवर्ग, जळगाव

सर्वांचे मनापासून आभार. कर्ता ठरवण्याचा सराव आणि तासाच्या सुरुवातीची प्रश्नोत्तरे, दोन्ही एकमेकांच्या विरोधात जातात असे मला वाटत नाही. तासाची सुरुवात प्रश्नोत्तरांनी करून, चुका साचल्या की कर्त्याचा सराव घ्यावा, असा माझा विचार आहे.

आणखी दोन शंका आहेत. पहिली म्हणजे थंडी आणि उकाडा. 'तेनेर कालोर', 'आसेर कालोर' आणि 'एस्तार काल्येन्ते' हे तिन्ही विद्यार्थी एकमेकांत मिसळतात. आपल्याकडे मे महिन्यात हा विषय टाळताही येत नाही. दुसरी म्हणजे 'इर आ', 'आकाबार दे', 'बोल्वेर आ' अशा जोडक्रियापदांची. ती 'तेनेर'च्या बरोबरीने घ्यावीत की वर्तमानकाळ पक्का झाल्यावर?

भुसावळकर

उकाड्याच्या बाबतीत भुसावळइतकी अनुकूल प्रयोगशाळा दुसरी मिळणार नाही. पारा ४५ अंशांकडे सरकला की विद्यार्थ्याला तीन गोष्टी एकाच वेळी अनुभवता येतात: बाहेर उकाडा आहे, त्याला स्वतःला उकडते आहे, आणि बाटलीतले पाणी गरम झाले आहे. हवेविषयी बोलायचे तर 'आसे कालोर', माणसाला काय जाणवते ते सांगायचे तर 'तेंगो कालोर', आणि वस्तूची अवस्था सांगायची तर 'एल आग्वा एस्ता काल्येन्ते'. मी टेबलावर पाण्याची बाटली ठेवतो, खिडकीकडे बोट दाखवतो, मग स्वतःकडे दाखवतो आणि विद्यार्थ्यांनी प्रत्येक वेळी योग्य वाक्य म्हणायचे असते. थंडीसाठी हाच सराव जानेवारीत घ्यावा. तेव्हा 'आसे फ्रीओ', 'तेंगो फ्रीओ' आणि 'एल ते एस्ता फ्रीओ' ही तिन्ही वाक्ये खरी असतात.

येथे एक सावधगिरी हवी. 'एस्तोय काल्येन्ते' हे वाक्य माणसाने स्वतःविषयी उच्चारले तर त्याचा अर्थ लैंगिक होतो. वर्गात मुले-मुली एकत्र असतील तर शिक्षक हे सांगायला संकोचतात, परंतु न सांगितल्यास विद्यार्थी कधी तरी ते परक्या माणसासमोर म्हणणारच. 'माणसाविषयी हे वाक्य अशोभनीय आहे, तेथे नेहमी तेंगो कालोर म्हणावे' एवढे एका वाक्यात, चेहरा गंभीर ठेवून सांगावे आणि पुढे जावे. 'सेर फ्रीओ' म्हणजे स्वभावाने कोरडा असणे, हे मात्र कोणी विचारले तरच सांगावे.

'आसे'चा दुसरा उपयोग काळ सांगण्यासाठी होतो आणि तेथे मराठी पुन्हा आपल्या बाजूने उभी राहते. 'आसे दोस आन्योस के एस्तुद्यो एस्पान्योल' या वाक्यात क्रियापद वर्तमानकाळी आहे. मराठीतही 'मी दोन वर्षांपासून स्पॅनिश शिकतो आहे' असे वर्तमानकाळीच म्हणतो. इंग्रजीतील त्या लांबलचक काळाची वळसा घेऊन ओळख करून देण्याचे कारणच नाही.

वर्षाचा विषय निघाला आहे तर वयाचे वाक्यही पाहावे. 'तेंगो बेइन्ते आन्योस' म्हणजे मला वीस वर्षे पूर्ण झाली. बोलताना बहुधा अडचण येत नाही, पण मोबाइलवर टंकलेखन करताना विद्यार्थी 'एन' या अक्षरावरची लहरी रेघ सोडून देतात आणि 'आन्योस'चे 'आनोस' होते. त्याचा अर्थ गुदद्वार असा असल्याने, नोकरीच्या अर्जात वय लिहिताना ही रेघ विसरणे परवडणारे नाही. फोनच्या कीबोर्डवर 'एन' दाबून धरले की ते अक्षर मिळते, हे पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाकडून करून घ्यावे.

आता जोडक्रियापदे. 'इर आ' लवकर घ्यावे, कारण भविष्यकाळाचे प्रत्यय न शिकवताही त्याने विद्यार्थ्याला उद्याविषयी बोलता येते. 'बोय आ कोमेर' याचे मराठी दोन प्रकारे होऊ शकते, 'मी जेवायला चाललो आहे' आणि 'मी जेवणार आहे'. ताटावर बसलेला माणूसही 'बोय आ कोमेर' म्हणू शकतो, हे त्यांना दाखवून द्यावे. मधला 'आ' गळू नये याकडे लक्ष ठेवावे लागते. मराठीत 'जेवायला' या एकाच शब्दात तो प्रत्यय सामावलेला असतो, म्हणून सुटा 'आ' त्यांना फालतू वाटतो आणि वहीत 'बोय कोमेर' येते. 'बोल्वेर आ' म्हणजे पुन्हा करणे, 'देहार दे' म्हणजे सोडणे, थांबवणे, 'एम्पेसार आ' म्हणजे करू लागणे. 'देहार दे फुमार' आणि मराठीतील 'सिगारेट ओढणे सोडणे' इतके जवळ आहेत की तेथे तास घालवू नये.

'आकाबार दे' मात्र फसवे आहे. 'आकाबो दे कोमेर' म्हणजे आत्ताच जेवलो. अर्थ भूतकाळाचा आणि रूप वर्तमानकाळाचे, म्हणून विद्यार्थी सुधारणा समजून 'आकाबे दे कोमेर' असे लिहितात आणि अर्थ बदलून 'जेवण संपवले' असा होतो. पांझराकाठ ताईंनी प्रश्नोत्तरात 'आकाबो दे कोमेर' तुकडा म्हणून आधीच दिला आहे, ते मला फार योग्य वाटते. तो प्रथम कानात बसावा, त्याची फोड नंतर करता येईल.

पांझराकाठ, धुळे

सरांचा मुद्दा मान्य आहे. आता फक्त तपासणीविषयी लिहिते, कारण सायंवर्ग ताईंच्या मूळ अडचणीचे मूळ मला तेथेच दिसते. विद्यार्थी यादी न अडखळता म्हणतात, कारण आपण त्यांना यादीच विचारतो. 'भूक लागणे याला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात' या प्रश्नाचे उत्तर 'तेनेर आंब्रे' असे मूळ रूपातच येते, आणि मूळ रूपात बोलणारा माणूस जगात कोठेही भेटत नाही.

त्याऐवजी मी प्रसंग देते. दुपारी दोन वाजता धुळे बसस्थानकावर उभ्या असलेल्या दोन मैत्रिणी, एकीची बस चुकली आहे, दुसरीने सकाळपासून काही खाल्लेले नाही, पंखे बंद आहेत, आणि शेजारच्या बाकावर एक कुत्रा झोपला आहे ज्याला एक मैत्रीण घाबरते. विद्यार्थ्यांनी दोघींचे बोलणे लिहायचे. त्यात 'तेंगो आंब्रे', 'तेनेमोस के एस्पेरार' (आपल्याला थांबावे लागेल), 'आसे मूचो कालोर', 'मे दान म्येदो लोस पेर्रोस' (मला कुत्र्यांची भीती वाटते) ही वाक्ये न सांगता येतात. शेवटचे वाक्य मुद्दाम आणवते, कारण भीतीसाठी स्पॅनिशमध्ये दोन्ही साचे चालतात. 'तेंगो म्येदो' मध्ये मी कर्ता, आणि 'मे दान म्येदो लोस पेर्रोस' मध्ये कुत्रे कर्ता, म्हणून 'दान' बहुवचनी. सरांचे दोन्ही गट येथे एकाच शब्दावर एकत्र येतात. ज्याला हा फरक लिहिता आला त्याचा पाया पक्का झाला असे समजून मी पुढच्या धड्याकडे वळते. ज्याने 'मे तेंगो म्येदो' लिहिले त्याला लाल शाईने खोडून न देता, फक्त 'मे'खाली रेघ मारून वही परत देते आणि पुढच्या तासाला तोच प्रसंग 'ती'च्या ऐवजी 'ते दोघे' असा बदलून पुन्हा लिहायला सांगते.